‘कंपनी’ या शब्दाचे अर्थांतर : नंदुरबार परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मोठ्या उद्योगसंस्थेसाठी मराठीत ‘कंपनी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. खानदेशात मात्र हाच शब्द काही काळ राज्यकर्त्याचे नाव होता. हे अर्थांतर लक्षात न घेतल्यास भूतकाळ व वर्तमान यांची तुलना सदोष ठरते. प्रस्तुत लेखात नंदुरबार परिसराच्या आधारे त्याचा आढावा घेतला आहे.

वखारीपासून सत्तेपर्यंत :
ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळाली. १६६६ मध्ये नंदुरबार येथे इंग्रजांची वखार स्थापन झाली. त्या वेळी कंपनी ही मुघल अंमलात परवानगीने व्यापार करणारी संस्था होती. १८१८ मध्ये खानदेश तिच्या ताब्यात गेला आणि तीच संस्था शेतसारा वसूल करू लागली. १८२५ मध्ये भिल्लांचे उठाव शमविण्यासाठी जेम्स औट्रम यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. ‘कंपनी सरकार’ हा जोडशब्द व्यापार व सत्ता यांच्या या एकत्रीकरणाचा निदर्शक आहे. १८५८ मध्ये कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, तर १८७४ मध्ये कंपनी विसर्जित झाली.

उद्योगसंस्था या अर्थाने :
पुढे कायद्यान्वये नोंदलेली भागभांडवली संस्था हा अर्थ रूढ झाला. ‘नाटक मंडळी’तील ‘मंडळी’ हा शब्द याच्या जवळचा होता. परंतु १९२९ मध्ये ‘प्रभात फिल्म कंपनी’ने नावात ‘कंपनी’च स्वीकारली. शासकीय संस्थांसाठी ‘महामंडळ’ हा शब्द रुळला. १९९० च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या वादात ‘बहुराष्ट्रीय कंपनी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. अशा कंपन्यांना ‘नवी ईस्ट इंडिया कंपनी’ म्हणण्याचा प्रघातही पडला.

निष्कर्ष :
ही उपमा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. आजची कंपनी करवसुली करीत नाही व सैन्य बाळगत नाही. ती २०१३ च्या कंपनी कायद्याच्या अधीन आहे. तथापि, उपमा सर्वस्वी निरर्थकही नाही. नंदुरबारची वखार परवानगीवर उभी होती. दीड शतकानंतर परवानगी देणारी सत्ताच उरली नव्हती. म्हणून ‘कंपनी’ या शब्दाचा अभ्यास करताना तिचा आकार किती, यापेक्षा परवाना कोणाचा व अंमल कोणाचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.