कार्ल्याचा सुतार

ऐतिहासिक स्थळ दाखविणारा माणूस काय दाखवितो आणि काय वगळतो, यावर समाजाची स्मृती ठरते. विद्यार्थ्यांना घेऊन मी कार्ल्याच्या लेण्यांत जातो, तेव्हा इतर प्रवासीही भोवती जमतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे कोणत्या राजाने बांधले?

मी लेखांकडे बोट करतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत. उषवदाताने भिक्षुसंघाला गाव दिल्याची नोंद आहे; म्हणजे सत्ताधारी आहेतच. पण धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले, तिथल्याच सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने द्वाराचे दान केले. आणि द्वार घडविणारा म्हणून नाव आहे वेणुवासाचा मुलगा सामी, सुतार.

मग कोणीतरी सामीची जात विचारतो. लेखात त्याचा धंदा आहे, बाप आहे, गाव आहे, जात नाही. ती आपण चिकटवायची नाही, आपल्या सोयीची असली तरीही. महाराष्ट्रातील कित्येक लेणी पुराव्यावाचून पांडवांच्या नावावर चढली. तशीच ती पुराव्यावाचून आपल्या नावावर चढविणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

डोंगर कोरणारे बहुतेक हात अनामिकच राहिले. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मागच्या पिढ्यांच्या श्रमाची नोंद कुठल्याच दगडावर नाही. म्हणून सामीचे नाव मी मोठ्याने वाचतो आणि विद्यार्थ्यांकडूनही वाचून घेतो.