गारांनी घेतलेली परीक्षा

गारपिटीत कौले फुटतात. मग उघड्यावरची सौर पॅनेल टिकतात कशी? अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत 1975 साली पॅनेल सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला. तेथे पॅनेलवर बर्फाचे गोळे झाडून पाहिले गेले. मऊ सिलिकोन रबराच्या आवरणापेक्षा तापवून कडक केलेली काच सरस ठरली. पुढे 25 मिलिमीटर व्यासाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगाने, ही कसोटी जगभर रूढ झाली.

पण मे 2019 मध्ये टेक्सासमधील एका प्रकल्पात मोठ्या गारांनी निम्म्याहून अधिक पॅनेल निकामी केली. व्यास दुप्पट झाला, की वस्तुमान आठपट होते; वेगही वाढतो आणि आघाताची ऊर्जा सुमारे सोळापट होते! म्हणून आता वादळाची चाहूल लागताच फिरती पॅनेल तिरकी उभी करतात. कसोटीचे माप आपण ठरवतो, गारांचे नव्हे.