नावं लिहून दिलेले ३८८४

बारामती-इंदापूरकडं चौदा एप्रिल जवळ आला की आपली पोरं दोन गोष्टींवरून भांडतात: वर्गणीचा हिशोब आणि पुढारी कोण. भांडा, पण आधी डिसेंबर १९२७ चं महाड बघा.

मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेल्यांना मार बसला होता. आता दुसरी परिषद. मांडवाला कुणी जागा देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं दिली. व्यापारी माल देईनात, मग दहा दिवसांचं धान्य बाहेरून आणलं. (भाषण आठवतं, भाकरी कुणी थापली ते नाही.) २५ तारखेला मनुस्मृती जाळली.

तळ्यावर कोर्टाचा मनाईहुकूम होता. तरी तुरुंगाची तयारी ठेवून ३८८४ जणांनी नावं लिहून दिली. जायचंच, म्हणाले. बाबासाहेबांनी त्यांना बोलू दिलं, रात्री कार्यकर्त्यांशी मसलत केली, आणि २७ ला तहकुबीचा ठराव स्वतः मांडला. पेटलेल्या माणसाला मागं फिरवायचं अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं नाही. लोक हिरमुसले, पण फुटले नाहीत. मिरवणूक तळ्याला वळसा घालून मांडवात परतली.

हायकोर्टात दावा जिंकला तो १९३७ साली.