ट्रॅक्टरच्या डिझेलात, ऑइलात बाटली ओतून फायदा होतो का?

नांगरटीचा हंगाम आला की स्पेअर पार्टच्या दुकानात 'मायलेज वाढवा', 'धूर बंद' अशा बाटल्या दिसू लागतात. त्या घ्याव्यात का, ते पाहू.

डिझेलचं औषध
१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं. त्यात गंधक किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. बीएस-४ मध्ये ५० चालायचं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं. पण त्याची भरपाई डिझेल पंपावर येण्याआधीच केलेली असते. रॉकेल मिसळलं तर मात्र तो वंगणपणा जातो आणि पंप-नोझल झिजतात.

हिशेब करा. ३०० रुपयांची बाटली ६० लिटरला पुरली, तर लिटरमागे ५ रुपये वाढले. डिझेल ९० रुपये धरलं तर ५ टक्क्यांहून जास्त बचत झाली तरच पैसे वसूल. तेवढा फरक तर जमिनीची ओल आणि नांगराची खोली बदलली तरी पडतो.

ऑइलचं औषध
चांगल्या इंजिन ऑइलमध्ये काजळी धरणारे, झीज रोखणारे घटक आधीच मोजून घातलेले असतात. वरून काही ओतलं तर ते प्रमाण बिघडू शकतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशनने अशा काही कंपन्यांवर पुराव्याविना जाहिरात केल्याबद्दल कारवाई केली होती.

धूर काय सांगतो?
काळा धूर: एअर क्लीनर तुंबला, नोझल खराब किंवा लोड जास्त. निळा धूर: ऑइल जळतंय, बहुतेक रिंग-लायनर झिजले. घट्ट औषधाने निळा धूर काही दिवस दबतो, झीज तशीच राहते. जुना ट्रॅक्टर घेताना हे ध्यानात ठेवा.

उपयोग कुठे?
डिझेल महिनोन्महिने साठवलं आणि तळाला पाणी साचलं तर त्यात बुरशी-जिवाणू वाढतात. तिथे जंतुनाशक औषध कामाला येतं. लडाखसारख्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणूनही औषध लागतं. आपल्याकडे ती वेळ येत नाही.

त्यापेक्षा हे करा
- पुस्तकात दिलेल्या तासांवर, दिलेल्याच ग्रेडचं ऑइल व फिल्टर बदला.
- डिझेल फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी काढत जा.
- धुळीच्या कामात एअर क्लीनर रोज बघा.
- काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवा, म्हणजे आत पाणी धरत नाही.
- नव्या ट्रकला लागणारं डीईएफ (युरियाचं पाणी) डिझेलच्या टाकीत कधीच ओतू नका.

बाटलीचे पैसे साठवा, त्यातून नोझल तपासून घ्या.