निनावी क्यू : कारागिराची ओळख

निनावी क्यू म्हणजे घडवणाऱ्याची सही, शिक्का किंवा बिल्ला नसलेली, एखाद्या खेळाडूसाठी मुद्दाम हाताने घडवलेली पूल, स्नूकर वा बिलियर्ड्सची काठी. ती कोणाच्या हातची, हे ठरवण्याची रीत जुना तंबोरा ओळखण्याच्या रीतीला जवळची आहे. नक्षी शेवटी पाहायची. कारागिराला जिथे कोणी पाहील असे वाटलेही नव्हते, त्या जागा आधी पाहायच्या. नक्षीची नक्कल सहज होते. सांध्यात सरस कसा भरला, वजनाचे शिसे कुठे बसवले, चुकलेले माप कसे निभावून नेले, याची नक्कल करायला सहसा कोणी बसत नाही.

पुण्यात अशा क्यू दोन वाटांनी येतात. पहिली वाट ब्रिटिश छावणीची. स्नूकरचा जन्म 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या नावावर तो जमा आहे. पुण्यासारख्या लष्करी गावात बिलियर्ड्स त्या काळापासून ओळखीचे. कोणत्याही खेळात भारताला पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्यातच 2 मे 1922 रोजी जन्मले. हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा त्यांनी 1958 मध्ये कोलकात्यात आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमधील पुकेकोहे येथे जिंकली. बिलियर्ड्स-स्नूकरपटू पंकज अडवाणी यांचे जन्मगावही पुणेच (1985). पूना क्लब, पीवायसी हिंदू जिमखाना यांसारख्या ठिकाणी हा खेळ आजही चालू आहे. जुन्या घरांच्या माळ्यावर, किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातल्या ढिगात हाती लागणारी क्यू बहुधा या इंग्रजी घराण्याची असते. दुसरी वाट अलीकडची, अमेरिकेहून परतणाऱ्यांच्या सामानातून येणारी: मधोमध सांध्याची, मागे दोरा गुंडाळलेली पूल क्यू. दोन्हींच्या खुणा वेगळ्या. एकीचे नियम दुसरीला लावले की हमखास चुकते.

इंग्रजी क्यूबद्दल पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तिच्यावरचा बिल्ला पुष्कळदा विकणाऱ्याचा असतो. बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, रायली ही नावे टेबल, चेंडू आणि क्यू एकत्र विकणाऱ्या पेढ्यांची. लिव्हरपूलच्या पेराडनसारखा (स्थापना 1885) कारखाना इतरांच्या नावानेही माल घडवून देत असे. त्यामुळे बिल्ला शाबूत असला तरी कारागिराचा प्रश्न सुटत नाही, आणि बिल्ला गळाला म्हणून फार बिघडतही नाही. बिल्ल्याचा खरा उपयोग काळ ठरवण्यासाठी. बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंड्रमने 1932 मध्ये लंडनला एका डावात 4137 गुण केले. हा आकडा ज्या बिल्ल्यावर आहे ती क्यू त्याआधीची असू शकत नाही.

बिल्ला गळालेली क्यू खिडकीशी आडवी धरावी. बटावर, म्हणजे क्यूच्या जाड मागच्या भागावर, एका बाजूला तासलेला सपाट पट्टा दिसतो. त्यावर बिल्ला असतो. लाकूड आजूबाजूला हाताच्या घामाने आणि पॉलिशने काळवंडलेले, मधे मात्र बिल्ल्याच्या आकाराची फिकट जागा, आणि कधी बारीक खिळ्यांची दोन भोके. तो आकार गोल, लांबट की चौकोनी, भोकांतले अंतर किती, हे मिलिमीटरमध्ये टिपून ठेवावे. पुढे तशाच मापाचा बिल्ला असलेली क्यू सापडली तर निदान पेढी कळते.

त्यानंतर काळ्या लाकडाची टोके पाहावीत. हाताने घडवताना अ‍ॅशच्या निमुळत्या दांड्याला रंध्याने सपाट उतार देतात, त्यावर आबनुसाच्या पट्ट्या चिकटवतात, समोरासमोरच्या दोन आधी आणि उरलेल्या दोन नंतर. सरस सुकल्यावर सगळे पुन्हा गोल तासले की सपाट जोड गोलाईला जिथे भेटतो तिथे कमानीसारखे टोक उमटते. यंत्राने खाचा पाडून बसवलेल्या जोडाची टोके टोकदार येतात, चारही एका उंचीची. हाताच्या कामात एखादी कमान तीन-चार मिलिमीटर वर किंवा खाली जाते. हा फरक दोष मानून लोक नाक मुरडतात. ओळखीच्या दृष्टीने क्यूवरचा सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे, कारण एकाच माणसाच्या चार-पाच क्यू शेजारी ठेवल्या तर त्याचा हात कोणत्या बाजूला ढळतो ते दिसते. बटाचा तळही असाच बोलतो. वजनासाठी पाडलेल्या भोकात शिसे घालून वर लाकडी गुडदी ठोकलेली असते. ती मधोमध आहे का, तिचे तंतू कोणत्या दिशेने आहेत, पट्ट्या तळाशी एकमेकींवर कशा चढल्या आहेत, हे दहापट भिंगातून पाहावे.

अमेरिकन पूल क्यूची गोष्ट गुंतागुंतीची, कारण तिथे एका क्यूला अनेकदा दोन जनक असतात. जॉर्ज बालाबुष्का (1912–1975) या रशियात जन्मलेल्या न्यूयॉर्ककर कारागिराने 1959 पासून क्यू घडवल्या. सुरुवातीच्या कामात त्याने ब्रन्सविक कंपनीच्या 'टायटलिस्ट' क्यूंचे जोडकाम तयार घेतले. पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांच्याकडून आलेले जोडकामही वापरले. पॉइंट (जोडाची टोके) एकाचे, घडण दुसऱ्याची. पॉइंटवरून थेट नाव सांगणारा इथेच घसरतो. जोडकाम, सांधा, कडी, तळटोपी यांची नोंद वेगवेगळी करावी आणि ती सगळी एका नावाकडे बोट दाखवतात का ते पाहावे. कड्यांवर एकट्या विसंबू नये: सांध्याजवळच्या ठिपकेदार नक्षीच्या कड्यांना बालाबुष्काच्याच नावावरून 'बुष्का रिंग' म्हणतात आणि त्या नंतर कित्येकांनी वापरल्या. 1986 च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात बालाबुष्का म्हणून जी क्यू दिसते, ती प्रत्यक्षात जॉस या कंपनीने घडवलेली होती. पडद्यावर ते सहज खपून गेले, कारण बाहेरचे रूप तेवढे जुळत होते.

पॉइंटची आतली टोके सुईसारखी असतील तर खाच सुतारी पद्धतीची आहे. टोकाला किंचित गोलाई असेल तर फिरत्या कटरचे, म्हणजे बहुधा संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे, जडावकाम आहे. आतला कोपरा कटरच्या गोलाईपेक्षा तीक्ष्ण निघत नाही.

सांध्याच्या स्क्रूला पुण्यात विशेष जपावे लागते. जुन्या अमेरिकन क्यूमध्ये 5/16 इंच व्यासाचा, इंचाला 14 किंवा 18 आट्यांचा स्क्रू भेटतो. काही कारागीर 3/8 इंचाचा, 10 आट्यांचा वापरत. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर. आपल्याकडच्या लेथवाल्याच्या हातात मेट्रिक मापे असतात, व्हर्नियरवर त्याला 8 दिसते आणि सैल झालेल्या स्क्रूच्या जागी तो बिनदिक्कत एम-8 बसवतो. एम-8 चा आटा 1.25 मिलिमीटरचा, इंचाला 18 चा आटा 1.41 चा, 14 चा 1.81 चा. नवा आटा पाडला की कारागिराची सगळ्यात भरवशाची खूण कायमची जाते. भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही चांगल्या टूलरूममध्ये इंचाचा थ्रेड गेज मिळतो. आधी त्याने मोजून घ्यावे. दोऱ्याखालचा जोड पाहायचा तर दोरा उलगडण्याची गरज नाही. वेल्डिंगच्या तपासणीसाठी चालणाऱ्या एनडीटी (वस्तू न तोडता तपासणाऱ्या) प्रयोगशाळांकडे जी क्ष-किरण यंत्रे असतात त्यांवर आतला बोल्ट, त्याची लांबी आणि वजनाचा तुकडा दिसतो.

लाकूड ओळखताना रंगावर जाऊ नये. अ‍ॅशच्या आडव्या छेदात वर्षवलयांच्या कडेने मोठ्या छिद्रांची रांग असते आणि दांड्यावर बाणाच्या फाळासारख्या रेषा उमटतात. मेपलची छिद्रे बारीक आणि सर्वत्र विखुरलेली. काळा रंग दिलेले साधे लाकूड आबनूस म्हणून खपवले जाते, पण गुडदीजवळच्या खरचटीत आतला फिका रंग उघडा पडतो.

पांढऱ्या फेरूलची (क्यूच्या पुढच्या टोकावरच्या नळीची) किंवा तळटोपीची परीक्षा जपून करावी. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते, हाडात काळसर ठिपके. सेल्युलॉइड बोटाने घासून गरम केले की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचण्याची जुनी युक्ती मात्र करू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते. हस्तिदंत निघाला तर वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनुसार त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे. वस्तू आजोबांच्या काळची, हे कारण चालत नाही.

निष्कर्ष लिहिताना शब्द तोलून वापरावेत. 'अमुकची क्यू' तेव्हाच म्हणावे, जेव्हा मूळ पावती, कारागिराचे पत्र किंवा त्याच्या हातची निर्विवाद दुसरी क्यू तपशिलांनिशी जुळते. आतल्या तीन-चार खुणा जुळल्या आणि विरोधात काही नाही, तर 'बहुधा अमुकची'. फक्त रूप जुळले तर 'अमुकच्या धाटणीची'. विक्रेते तिसऱ्या पायरीवरून पहिलीवर उडी मारतात, आणि बालाबुष्कासारख्यांच्या नावाने खोट्या सह्याही फिरतात. सही नसलेल्या खऱ्या क्यूवर हौसेने सही उठवणे हाही घातच. त्यामुळे चांगल्या वस्तूवरचा विश्वास उडतो. पुण्यातल्या बहुतेक जुन्या इंग्रजी क्यूंबाबत 'हाताचे जोडकाम, इंग्लंड, दोन महायुद्धांच्या दरम्यान' इथवर पोचता आले तरी ते भरीव काम आहे, आणि ते तसेच लिहावे.

तपासणी संपेपर्यंत क्यूला पॉलिश पेपर लावू नये. बिल्ल्याची फिकी जागा, टोकांजवळची सरसाची रेघ आणि जुन्या मालकाने पेन्सिलीने लिहिलेली आद्याक्षरे पहिल्या घासण्यातच जातात. उतरवलेले फेरूल, जुना स्क्रू, सुटलेला दोरा पाकिटात घालून तारीख टाकून क्यूच्याच पेटीत ठेवावा. पेटीही टाकू नये; झाकणाच्या आत दुकानाची चिठ्ठी किंवा क्लबच्या कपाटाचा क्रमांक चिकटलेला सापडतो.