माँटेव्हिडिओचा छोटा विश्वचषक

विश्वचषकाची कथा फुटबॉलप्रेमी वाचकांना तोंडपाठ असते. निमंत्रितांच्या स्पर्धा मात्र विस्मृतीच्या कोपऱ्यात पडून राहतात. अशा स्पर्धेला पात्रता फेरी नसते. यजमान ज्यांना बोलावील ते येतात. त्यामुळे यजमानाने बोलावणे का धाडले, हा प्रश्न प्रत्यक्ष खेळाइतकाच महत्त्वाचा ठरतो. उरुग्वेने १९८० च्या अखेरीस भरविलेल्या 'मुंदियालितो'ची, म्हणजे छोट्या विश्वचषकाची, हकीकत आम्हांला याच कारणासाठी सांगावीशी वाटते.

निमित्त तसे निर्दोष होते. पहिली विश्वचषक स्पर्धा १९३० साली माँटेव्हिडिओ येथेच झाली आणि यजमान उरुग्वेनेच ती जिंकली. त्या घटनेच्या सुवर्णमहोत्सवासाठी तोवरच्या सहाही जगज्जेत्यांना पाचारण करण्यात आले. इंग्लंडने नकार कळविला. त्याच्या जागी १९७४ व १९७८ चा उपविजेता नेदरलँड्स आला. बाकी इटली, पश्चिम जर्मनी, ब्राझील, अर्जेंटिना आणि स्वतः उरुग्वे. मैदानही १९३० चेच, सेंतेनारिओ.

परंतु निमंत्रणामागे उभा असलेला यजमान कोण होता? जून १९७३ मध्ये संसद बरखास्त झाल्यापासून उरुग्वेत लष्कराच्या पाठबळावरची हुकूमशाही होती. जेमतेम तीस लाख वस्तीच्या त्या देशात हजारो माणसे तुरुंगात डांबली गेली, कित्येकांचा छळ झाला, असंख्य कुटुंबे देशोधडीला लागली. आपली सत्ता कायदेशीर व कायमची व्हावी म्हणून राज्यकर्त्यांनी नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला व ३० नोव्हेंबर १९८० रोजी त्यावर सार्वमत घेतले. प्रचाराची साधने सरकारच्या हाती, विरोधकांची तोंडे बांधलेली. तरीही सुमारे ५७ टक्के मतदारांनी 'नाही' असा कौल दिला! बरोबर एक महिन्याने, ३० डिसेंबरला, स्पर्धेचा पहिला सामना झाला. सार्वमताच्या विजयावर खेळाच्या विजयाचा कळस चढवावा असा बेत असावा, हा तर्क करण्यास फारशी कल्पकता लागत नाही. कळस तयार होता, मंदिरच ढासळले होते.

खेळाविषयी थोडक्यात सांगतो. उरुग्वेने नेदरलँड्स व इटली या दोघांनाही २-० असे नमविले. दुसऱ्या गटात ब्राझीलने पश्चिम जर्मनीचा ४-१ असा धुव्वा उडविला. हा जर्मन संघ त्याच वर्षीचा युरोपविजेता होता, हे ध्यानात घ्यावे. १० जानेवारी १९८१ च्या अंतिम सामन्यात बार्रिओसने उरुग्वेला आघाडी दिली, सॉक्रेटिसने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि सामना संपण्यास दहा मिनिटे उरली असता व्हिक्तोरिनोने विजयी गोल केला. २-१. उरुग्वेचे प्रशिक्षक होते रोके मास्पोली. १९५० साली रिओच्या माराकाना मैदानावर याच ब्राझीलला याच गोलसंख्येने हरविणाऱ्या संघाचे ते गोलरक्षक!

सरकारला हवा होता तो विजय मिळाला. मात्र प्रेक्षागारातून जयघोषाबरोबर, लष्करी हुकूमशाही आता संपणार, अशा अर्थाच्या घोषणाही उठल्या. एरवी चारचौघांत उच्चारणे धोक्याचे असलेले शब्द हजारोंच्या गर्दीत निर्भय झाले. खेळाडूंनी जिंकावे की नाही, असा पेच काही सज्जन मंडळी अशा प्रसंगी उभा करतात. आमच्या मते हा पेच खोटा आहे. संघ सेनापतींचा नव्हता. मतपेटीत 'नाही' टाकणाऱ्यांचाही तो तितकाच होता. पुढे नोव्हेंबर १९८४ मध्ये निवडणुका झाल्या आणि १ मार्च १९८५ रोजी हुलिओ मारिया सांगिनेत्ती यांनी लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली.

या विजेत्या देशाला १९८२ च्या विश्वचषकासाठी मात्र पात्रताही गाठता आली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत उरुग्वेचा संघ आणखी एका निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी थेट आपल्या कलकत्त्यास आला. ती पहिली नेहरू चषक स्पर्धा. अंतिम सामन्यात चीनला २-० असे हरवून त्यांनी चषक नेला. त्या संघातून एक सडपातळ, विशीतला तरुण प्रथमच देशासाठी खेळत होता. त्याचे नाव एन्झो फ्रान्चेस्कोली.