कांतीचा वर्ण आणि मनुष्याची योग्यता

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी हें प्राचीन नगर आहे. तेथें १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग यांनीं उत्खनन केलें, तेव्हां बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडांत आले. पवनीच्या शिल्पांपैकीं एकांत मुचलिंद नाग फणा उभारून छाया धरीत आहे. परंतु त्या छायेखालीं बुद्धाची आकृति नाहीं, रिकामें आसन आहे. त्या काळचे शिल्पकार बुद्धाचें अस्तित्व आसन, बोधिवृक्ष, चक्र अशा चिन्हांनींच दाखवीत. ज्याचें रूपच कोरलेलें नाहीं, त्याची कांति गोरी कीं सांवळी हा प्रश्न तेथें उद्भवत नाहीं.

त्याच नदीच्या कांठावर आज मुलीचें स्थळ पाहतांना मात्र हा प्रश्न प्रथम विचारला जातो. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सांवळी अशी जणूं प्रतवारीच लागते. या एका शब्दावर कित्येक सोयरिकी मोडतात आणि कित्येक बापांच्या डोक्यावर हुंड्याचें ओझें वाढतें. विचारणाऱ्यांपैकीं कोणी म्हणतात, ही आपली परंपराच आहे. कोणी म्हणतात, हें खूळ इंग्रजांनीं आणलें. जुने ग्रंथ पाहिले असतां दोन्ही म्हणणीं अपुरीं ठरतात.

प्रथम हिंदु परंपरा घ्यावी. महाभारतकार व्यासांचें नांव कृष्ण द्वैपायन. द्रौपदीचें एक नांव कृष्णा, आणि तें तिच्या सांवळ्या वर्णावरून पडलेलें. तरी तिच्या स्वयंवरास देशोदेशींचे राजे लोटले. राम श्यामवर्ण, कृष्ण श्यामवर्ण, आणि पंढरीचा विठ्ठल तर काळ्या पाषाणाचा. परंतु याच परंपरेंत पतंजलीच्या महाभाष्यांत ब्राह्मण ओळखण्याच्या खुणा सांगतांना गौरवर्णाचा उल्लेख येतो. शांतिपर्वांत भृगु ऋषि चार वर्णांचे शुभ्र, तांबडा, पिंवळा व काळा असे चार रंग सांगतात. त्यावर भारद्वाज विचारतो कीं, रंगावरून भेद मानावा तर सर्वच वर्णांत सर्व रंग मिसळलेले दिसतात. काम, क्रोध, भय, शोक, भूक आणि श्रम हीं तर सर्वांस सारखींच ग्रासतात. मग भेद राहिला कोठें? भृगूंना मान्य करावें लागतें कीं मुळांत भेद नव्हता, तो पुढें कर्मामुळें पडला. म्हणजे रंगाची श्रेष्ठता जेथें सांगितली, तेथेंच तिला आव्हानहि मिळालें.

बौद्ध परंपरेची स्थितीहि अशीच दुहेरी आहे. मज्झिम निकायांतील अस्सलायन सुत्तांत ब्राह्मणांचा दावा येतो कीं ब्राह्मण तेवढा शुक्ल वर्णाचा, इतर सर्व कृष्ण वर्णाचे. बुद्ध उत्तर देतात कीं ब्राह्मणहि इतरांप्रमाणें मातेच्या उदरींच जन्मतो. आणि यवन व कंबोज या देशांत तर धनी व दास असे दोनच वर्ण असून धनी दास होतो, दास धनी होतो. असें असूनहि महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत सुवर्णासारखी कांति गणली गेली. आणि त्याच निकायांतील दुसऱ्या एका सुत्तांत कुरूपता हें पूर्वजन्मींच्या क्रोधाचें फळ म्हटलें आहे. अशा वचनाचा भार शेवटीं सांवळ्या मुलीच्याच माथीं येतो. महासच्चक सुत्तांतील कथा त्याहून वेगळी आहे. उग्र तपाच्या काळीं गौतमाची उजळ कांति लोपली. त्याला पाहून कोणी म्हणे हा श्रमण काळा आहे, कोणी म्हणे सांवळा आहे, कोणी तिसराच रंग सांगे. पाहणारे कांतीविषयीं वाद घालीत राहिले. गौतमाचें चित्त मात्र बोधीच्या शोधांत होतें.

पांचव्या शतकांत विदर्भावर वाकाटकांचें राज्य होतें. त्यांच्या काळीं रंगविलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत गौर, गव्हाळ व गडद सांवळ्या अशा सर्व वर्णांच्या आकृति आहेत. तेथील एका सांवळ्या राजस्त्रीस चित्रकारानें अलंकार व लावण्य देण्यांत कोठेंहि हात आंखडता घेतलेला नाहीं.

पुढें इंग्रजी अमलांत या जुन्या वादास शास्त्राचा वेष चढला. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनीं नाकाच्या मापांवरून जातींचा वंश व दर्जा ठरविण्याचा प्रयत्न केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४६ सालच्या शूद्रांविषयींच्या ग्रंथांत गोऱ्या आर्यांनीं काळ्या दासांना जिंकलें या मताचें खंडन केलें. १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयींच्या ग्रंथांत त्यांनीं हींच मापें घेऊन दाखविलें कीं ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश भिन्न ठरत नाहींत. हेच आंबेडकर १९५४ सालीं भंडाऱ्यांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. १९५६ सालीं त्यांनीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विदर्भांतील असंख्य घरांनीं त्यांच्यामागें धर्म बदलला. परंतु स्थळ पाहण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणीं जुनीच राहिली.

बाजारानें ही दुर्बलता ओळखली. १९७५ सालीं निघालेलें 'फेअर अँड लव्हली' हें मलम घरोघरीं पोंचलें. २०२० सालीं कंपनीनें त्याच्या नांवांतून गोरेपणाचा शब्द काढला. डबीवरील शब्द बदलणें सोपें होतें. बैठकींतील प्रश्न बदलणें अवघड आहे.

परंपरेंत दोन्ही आवाज आहेत. त्यांतला कोणता उचलावा हें उचलणाऱ्याच्या हातीं आहे. देव्हाऱ्यांत सांवळ्या देवास हात जोडणाऱ्या, अथवा बुद्धाच्या समतेस वंदन करणाऱ्या गृहस्थानें बैठकींत मुलीचा वर्ण विचारण्यापूर्वीं भारद्वाजाचा प्रश्न स्वतःस विचारावा. समोर चहाचा पेला घेऊन आलेल्या मुलीला भूक, भय आणि शोक हीं त्याच्या स्वतःच्या लेकीइतकींच आहेत.